वाहिलेलं रूप

भागूबाई खोटं बोलायची नाही, असं तिच्या तोंडावरसुद्धा कुणी म्हणणार नाही. शेजारची धोंडाबाई विरजण मागायला आली की हिचं दही नेमकं तेव्हाच संपलेलं असायचं, आणि बाजारात बकरं विकायला उभं केलं की त्याचं वय सहा महिन्यांनी उतरायचं. एवढं तेवढं कोण बोलत नाही? पण मोठं म्हणावं असं खोटं ती जन्मात एकदाच बोलली. तेही पोटच्या लेकासाठी, दिवसाढवळ्या, स्वतःच्या अंगणात, दहा माणसांसमोर. आणि त्या एका खोट्यानं तिचं जे व्हायचं ते झालं.

मुठा गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथलं हे घर. नवरा म्हसू, अबोल माणूस, मेंढरांशी चार शब्द जास्त बोलेल पण माणसांशी नाही. थोरला लेक सिद्धनाथ आणि धाकटी पल्लवी. माळावरच्या नाथबाबाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पोरगा झाला म्हणून देवाचंच नाव ठेवलं, आणि घरात त्याचा सिदा झाला. सिदानं पौडला बारावी केली, हिंजवडीत एका कंपनीच्या फाटकावर वर्षभर उभा राहिला, मग पुण्यात गोंदायच्या दुकानात शिकायला लागला. भागूबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या स्वतःच्या कपाळावर नि हनुवटीवर गोंदण होतं. पोरगा सुया टोचून पोट भरतोय तर भरू दे, असं ती म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी म्हसूचं पोट फुगलं, आतडं कापावं लागलं, अकरा दिवस माणूस शुद्धीत नव्हता. तेव्हा सिदा दवाखान्याच्या पायरीवरून हलला नाही. बाप घरी आला आणि त्यानंतर लेकानं तोंड म्हणून दाखवलं नाही. फोन मात्र नेमानं करायचा, बोलायचाही लई गोड, पण व्हिडिओवर ये म्हटलं की नेमकी त्याची रेंज जायची. पल्लवीचं म्हणणं, दादानं गुपचूप बायको केली असणार. भागूबाईनं त्याचीही तयारी ठेवली होती. त्या न पाहिलेल्या सुनेला ती मनातल्या मनात दोनदा तोडून बोलली होती आणि एकदा नवं लुगडंही नेसवलं होतं.

मार्गशीर्षात तो आला. भात झोडून झालं होतं, मेंढरं गावातल्या बड्या जमीनदाराच्या, जयसिंगरावांच्या, वावरात खतासाठी बसवली होती, आणि भागूबाई अंगणात शेंगा निवडत होती. दुपारच्या जीपमधून एक उंच माणूस उतरला. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी. कुत्र्यानं आधी भुंकून घेतलं आणि मग जवळ जाऊन शेपूट हलवायला लागलं. माणसानं रुमाल काढला, चष्मा काढला, टोपी काढली.

कपाळावर कातडीच्या आत दोन टेंगळं होती, करडाला शिंगं फुटायच्या आधी असतात तशी. डोळ्यांत पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं, सगळं काळंभोर. गळ्यापासून गालापर्यंत खवले गोंदलेले. कानाच्या पाळ्या ओघळलेल्या आणि त्यांत बांगडी बसेल एवढी भोकं. आणि त्यानं "आये" म्हणून हाक मारली तेव्हा तोंडात जीभ सरळ नव्हती, मधोमध चिरून तिची दोन टोकं झालेली होती.

भागूबाईला वाटलं, कुणीतरी लेकराला धरून छळलं. तिनं कोपऱ्यातली काठी उचलली.

"कुणी केलं रं तुला ह्ये? नाव सांग त्याचं. आत्ताच्या आत्ता पौडच्या चौकीला जाऊ."

"कुणी न्हाई, आये. मीच करून घेतलं."

करून घेतलं म्हणजे? माणूस दाढी करून घेतो, घराची शाकारणी करून घेतो. स्वतःची चांगली जीभ कुणी चिरून घेतं का? ती काठी तशीच धरून उभी राहिली, आणि मग शेंगांपाशी परत बसली.

सिदा तिच्याजवळ बसला आणि बोलत राहिला. लहानपणापासून त्याला हे अंग आपलं वाटलंच नव्हतं म्हणे. दुसऱ्याचा सदरा घालून पाठवल्यासारखं वाटायचं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. कपाळात पहिलं टेंगूळ बसवलं त्या दिवशी त्यानं आरशात बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं की हा मी. मग तो थांबला नाही. त्याच्यासारखे आणखी होते. दुकानाचा मालक इंद्रजित होता, जया नावाची एक मुलगी होती, कंपनीत कंप्युटरचं काम करणारी, लांब बाह्यांच्या आत सगळं झाकून जाणारी. वर्षातून एकदा ही मंडळी कोळवणकडचं एक फार्महाऊस भाड्यानं घेत, पाठीच्या कातडीत गळ घालत आणि झाडाला टांगून घेत. एक टांगलेला असला की दुसरा त्याचा हात धरून उभा राहायचा. खाली उतरवलं की कुणी रडायचं, कुणी हसायचं, सगळे मिळून पिठलं-भात खायचे. हे सांगताना पोराचा चेहरा असा काही फुलला होता की भागूबाईला त्याचा राग यावा का माया, काही कळेना.

"तितं मला कुणी इचारलं न्हाई का म्हणून," तो म्हणाला. "तू इचारशील म्हणून तीन वर्सं आलो न्हाई. आता लपायचा कंटाळा आला, आये. मला हितं राह्यचंय. असाच."

भागूबाई रडली. तिला त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. शेवटी तिनं उठून चूल पेटवली, कारण पोरगा उपाशी होता आणि ते तरी तिला कळत होतं. म्हसू संध्याकाळी आला, लेकाकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून जेवला.

सकाळी सिदा अंघोळीला बसला तेव्हा तिनं त्याची पाठ बघितली. खांद्यांच्या खाली दोन्हीकडं दोन-दोन गोल वण. हे वण तिनं पूर्वी बघितले होते. तिचा आज्जा नाथबाबाचा गळकरी होता. चैत्राच्या जत्रेला त्याच्या पाठीत लोखंडी गळ घालून त्याला लाकडाला टांगायचे, सारा गाव पाया पडायचा. आता ते बंद झालं, आता गळकऱ्याच्या कमरेला नुसता दोर बांधतात. भागूबाईनं लेकाच्या पाठीवर पाणी ओतलं.

चार दिवस गेले. शाळेची पोरं वाट वाकडी करून जायला लागली. धोंडाबाईचं विरजण मागणं बंद झालं, आणि तिचं हे मागणंसुद्धा आता भागूबाईला आठवायला लागलं. पल्लवीला बघून गेलेल्या लोकांनी फोनवर नाही कळवलं, कारण सांगितलं नाही. पाचव्या दिवशी जयसिंगराव आले. मुठ्यातली निम्मी जमीन त्यांची, मेंढरं त्यांच्याच वावरात बसायची. शिवाय पुण्याच्या पाहुण्यांसाठी त्यांनी ओढ्याकाठी खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्यामागं आठ-दहा माणसं होती. माणूस वाईट नव्हता. पण पाहुण्यांची पोरं भ्यायली, उद्या कुणी खोल्यांवर येणार नाही, तेव्हा म्हसूनं पोराला परत पाठवावं, नाहीतर मेंढरांसाठी दुसरं वावर बघावं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हसू मान खाली घालून ऐकत होता. मागून कुणीतरी म्हणालं, असलं सोंग घरात ठेवायचंच कशाला. सिदा दारात उभा होता. त्यानं पिशवी उचलली.

पोरगा परत चालला. तीन वर्षांनी आलेला, आता कधीच येणार नाही असा चालला. भागूबाई त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि तोंडातून ते निघून गेलं.

"दादा, सोंग म्हणू नगा. त्यानं नवस फेडलाय."

सगळे थांबले. आता माघार नव्हती.

"ह्येंचं पोट फाडलं तवा अकरा दिस शुद्ध नव्हती. डाक्टरनं हात टेकलं व्हतं. तवा ह्यानं नाथाला शब्द दिला, माजं रूप घे आन बाप माघारी दे. नाथानं दिला. मग ह्यानं रूप वाहिलं. डोळं वाहिलं, जीभ वाहिली." आणि तिनं लेकाला खांद्याला धरून वळवलं आणि त्याचा शर्ट वर केला. "ह्यो गळ बघा. तुमच्या आज्ज्यानं माज्या आज्ज्याच्या पाठीवर बघितला आसंल."

चार वण बघून जयसिंगराव दोन पावलं मागं सरले. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. बाकीच्यांनीही काढल्या. भागूबाईला वाटलं, सुटलो. गंगेत घोडं न्हालं म्हणतात तसं तिला झालं, पण ते घोडं बुडालेलं होतं हे तिला कळायला वेळ लागला नाही. कारण म्हसू पुढं आला. लेकाशी चार दिवस अवाक्षर न बोललेला बाप अंगणातल्या मातीत आडवा झाला आणि त्यानं लेकाचे पाय धरले.

"माज्यापायी, लेकरा. माज्यापायी रूप दिलंस."

"आबा, उठा. आसं न्हाई—" म्हणत सिदानं आईकडं बघितलं. भागूबाईनं मान हलवली, एवढीशीच. त्यानं तोंड मिटलं. म्हसू तीन वर्षांत रडला नव्हता तेवढा तिथं रडला, आणि त्या रडण्यासमोर खरं बोलायची कुणाची छाती होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाड्यात कोकरं मोजत होती तेव्हा सिदा तिच्यामागं येऊन उभा राहिला.

"आये, मी नवस केला नव्हता."

"ठाव हाय मला."

"मग खरं सांग त्यांना. आबाला तरी सांग."

"काय सांगू? चांगलं धडधाकट अंग हौस म्हणून चिरून घेतलं, आसं सांगू?"

"व्हय. त्येच सांग. माज्या सिदाची हौस हाय, त्यानं हौसंनं केलंय, एवढंच म्हण. मग लोकांनी दगडं मारली तरी मला चालतंय. तू म्हण, आये. एकदा."

तसा शब्द साधा. बांगड्यांची हौस असते, बैलजोडीची असते, नव्या नवरीला नाव घ्यायची असते. दहा वर्षांची असताना भागूबाई स्वतः गोंदणाऱ्या बाईसमोर हौसेनं बसली होती, दातात पदर धरून, आणि दुखलं तरी उठली नव्हती. ते तिला आठवत होतं. तरी हा शब्द या काळ्या डोळ्यांना आणि या चिरलेल्या जिभेला लावायला तिचं तोंड वळेना. नवस म्हटला की देवावर टाकता येतं. हौस म्हटली की ते लेकाचं होतं, आणि लेक तिचा होता.

"लोकांचं तुला न्हाई ऐकावं लागत, मला लागतंय," ती म्हणाली. "आन आबाचं काय करू? काल त्यो पोटभर जेवला. तुज्याशेजारी बसून."

सिदानं पायात आलेलं कोकरू उचलून बाकीच्यांत सोडलं.

"बरं," तो म्हणाला. "देवाचा तर देवाचा. पर मग आई म्हणून माज्याकडं येऊ नगं. बाकीच्या बाया येत्यात तशी ये."

बोलतो रागानं, असं तिला वाटलं. पोरं बोलतात आणि विसरतात. हा विसरला नाही.

पहिली धोंडाबाईच आली. तिची नात चार वर्षांची होऊनही बोलत नव्हती. सिदा नको म्हणत होता, पण म्हसू हात जोडून उभा राहिला आणि बापाचे जोडलेले हात त्याला बघवेनात, म्हणून त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आठ दिवसांनी पोरगी "म्हस" म्हणाली. ती कधी ना कधी म्हणणारच होती, पण हे धोंडाबाईला कोण सांगणार? पुढच्या अमावस्येला वीस बाया आल्या, त्याच्या पुढच्या अमावस्येला दोनशे. जयसिंगरावांनी नाथबाबाच्या देवळाशेजारी ओटा बांधला, वर पत्रा घातला. ज्या पाहुण्यांच्या पोरांना भीती वाटत होती तेच पाहुणे आता पोराबाळांना घेऊन दर्शनाला यायला लागले. सिदाच्या जिभेतून शब्द जरा घसरत यायचे, ती नाथाची वाणी झाली. त्याच्या डाव्या डोळ्यातून सारखं पाणी यायला लागलं, लोक म्हणाले देवाला आपल्या दुःखाचा पाझर फुटतो. भागूबाईला तो डोळा पुण्याच्या डॉक्टरला दाखवायचा होता. तिनं म्हसूला सांगून बघितलं. देव कुठं डॉक्टरकडं जातो, असं म्हसूनं तिलाच विचारलं.

सिदा देवळामागच्या खोलीत राहायला गेला. पल्लवी दोन वेळचं जेवण नेऊन द्यायची. भागूबाई गेली की तो तिला बाई म्हणायचा. तो चिडून तसं म्हणत नव्हता, धोंडाबाईशी बोलावं तसं सरळ बोलायचा. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. घरी येऊन ती चुलीपुढं बसायची आणि तिला हुंदका यायचा, पण म्हसू देवाची आई म्हणून तिच्याकडं कौतुकानं बघत असायचा, म्हणून ती धुरावर ढकलायची.

तेवढ्यात पल्लवीचं जमलं. कोळवणचे दादासाहेब, त्यांच्या शंभरावर मेंढ्या, मुलगा दयानंद पौडला नोकरीत. नवऱ्या मुलाची आई दर्शनाला आली होती, तिनं नाथाच्या बहिणीला बघितलं आणि घरी येऊन मागणी घातली. कुंकू लागलं, चैत्रातली तारीख धरली. पल्लवी एवढी खुशीत होती की पाणी भरतानाही गुणगुणायची. सगळं कसं भागूबाईच्या मनासारखं होत होतं, फक्त तिचा लेक तिचा राहिला नव्हता.

फाल्गुनातल्या अमावस्येला सकाळच्या एसटीनं एक मुलगी आली. ती आधी माळावर जाऊन आली आणि मग विचारत विचारत घरी आली. एका गालात कसलासा मणी, कानांत जाड लाकडी चकत्या. उन्हानं बाह्या वर सरकवल्या होत्या आणि कोपरापर्यंतच्या कातडीवर कापून उमटवलेली वेल होती, बोटानं चाचपावी अशी उठून आलेली. भागूबाईनं तिला पाणी दिलं. ही मुलगी देखणी आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"आई, मी जया," मुलगी म्हणाली. "सिद्धूची मैत्रीण. मी आत्ता त्याच्यासमोर बसून आले. त्यानं मलाही विचारलं, बाई, काय मागणं आहे."

भागूबाई उंबऱ्यावर टेकली.

"तो आमच्यात सगळ्यात जास्त हसायचा, माहीत आहे? प्रत्येक वेळी टेबलवर आडवा झाला की म्हणायचा, हे भरून आलं की आईला दाखवणार. आम्ही चिडवायचो. आमच्यातल्या एकाच्याही घरी हे चालत नाही, आई. माझे वडील माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. पण सिद्धूला खात्री होती की तुम्ही एकदा रागवाल आणि मग बघाल." जयानं ग्लास खाली ठेवला. "त्याला माझ्याबरोबर यायचं तर येईल, नाही तर इथं राहील. पण सिद्धू म्हणून राहू दे. तुम्ही एकदा खरं सांगा. तुम्ही बांधलंय, तुम्हीच सोडवू शकता."

भागूबाई उठली. पल्लवीचं लग्न मोडेल हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. म्हसूचं काय होईल, तेही आलं. पण लेकानं तिच्याकडं एकच शब्द मागितला होता आणि तिनं तो चार महिने दाबून ठेवला होता, या एका गोष्टीपुढं तिला बाकी काही दिसेना. तिनं पदर घेतला आणि माळाची वाट धरली. जया तिच्यामागं चालत आली.

टळटळीत ऊन होतं. पत्र्याखाली बायांची रांग, पुढं ओट्यावर सिदा. कपाळावरच्या टेंगळांना शेंदूर फासलेला, गळ्यात झेंडूच्या माळा. उजव्या अंगाला म्हसू समईपाशी हात जोडून बसलेला. पहिल्या ओळीत दादासाहेबांची बायको, पाणी द्यायला पल्लवी. भागूबाईला लोक पुढं सोडत होते, ती गेली नाही. बाकीच्या बाया येतात तशी ये, म्हणाला होता. ती रांगेत उभी राहिली आणि नंबर आला तेव्हा त्याच्यासमोर बसली.

"बोल बाई. काय मागणं हाय?"

"मागणं न्हाई," भागूबाई म्हणाली. मेंढरं हाकणाऱ्या बाईचा आवाज तो, शेवटच्या ओळीपर्यंत गेला. "मी खोटं बोलले. ह्यानं नवस केला नव्हता. ह्यो नाथ न्हाई, माजा सिदा हाय. त्याला हौस व्हती. त्यानं हौसंनं केलंय समदं, आन मला त्येची लाज न्हाई."

पत्र्याखाली आवाज थांबला. पल्लवीच्या हातातली कळशी तिथंच राहिली. दादासाहेबांच्या बायकोनं मान वळवून म्हसूकडं बघितलं. म्हसूच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरायला लागलं होतं, अजून पूर्ण उतरलं नव्हतं.

सिदानं आईकडं बघितलं. त्या काळ्या डोळ्यांत काय चाललंय हे कधी कुणाला दिसत नसे, पण तिला दिसलं. चार महिन्यांनी तिचं पोर तिच्याकडं बघत होतं. तो पुढं वाकला, अंगारा लावायला वाकतात तसा, आणि तिच्या कानाशी हळूच बोलला.

"लई उशीर केलास, आये. पल्लीला कुंकू लागलंय. आबाकडं बघ. आता न्हाई सोडता येत."

तिनं मान हलवली, नाही, नाही म्हणून. तिला त्याचा हात धरायचा होता. त्यानं तो काढून घेतला, सरळ बसला, आणि त्याच्या कपाळावरची शीर टच्च फुगलेली तिला दिसली.

"ह्या बाईला वारं लागलंय," तो मोठ्यानं म्हणाला. "देवाचं माणूस आईला सोसवत न्हाई, तितं वारं घुसतं. पाणी पाजा तिला."

पत्र्याखाली सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बायांना ते लगेच पटलं, पटणारच होतं. बिचारीचा लेक गेला देवाकडं, डोकं फिरणार नाहीतर काय, असं कुणी म्हणालं. दादासाहेबांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. धोंडाबाईनं मायेनं भागूबाईला खांद्याला धरलं, दुसरीनं पेल्यात अंगारा कालवला आणि तिच्या तोंडाशी आणला.

भागूबाईनं एकदा मागं बघितलं. जया खांबाला टेकून उभी होती आणि रडत होती. मग तिनं म्हसूकडं बघितलं, त्याचे हात परत घट्ट जुळले होते. पल्लवी तिच्याकडं बघत होती, आणि ती काय मागत होती ते सांगायची गरज नव्हती. मग भागूबाईनं लेकाकडं बघितलं. त्याचा डावा डोळा नेहमीसारखा गळत होता. उजवाही गळत होता.

तिनं पेला हातात घेतला आणि राख तळाशी राहू न देता सगळा प्याली.

"उतरलं का गं?" धोंडाबाईनं विचारलं. "आता सांग बघू, समूर कोण बसलंय?"

भागूबाईनं तोंड पुसलं.

"नाथबाबा," ती म्हणाली.

आणि वाकून तिनं त्याच्या पायांवर डोकं टेकलं. पाय तेवढे त्यानं जसेच्या तसे ठेवले होते. सुई नाही, रेघ नाही. लहानपणी तेल चोळताना हातात यायचे तेच पाय, करंगळी आत वळलेली, टाचेला भेग. मागच्या बाईनं उठ म्हणेपर्यंत ती तिथंच राहिली.